बाराचे दहा

डब्याचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली. वहीच्या पानाची, पट्टी धरून सरळ फाडलेली. ‘डबा भरला. चमचा ठेवला. झाकण लावले. दोनदा पाहिले. ७.४०.’ आणि खाली सासऱ्यांची सही, पूर्ण, शेवटच्या अक्षराची शेपटी उजवीकडे लांब ओढून तिच्यावर दोन टिंबं. चौतीस वर्षं दुकानादुकानातले तराजू तपासून ते दाखल्यावर करत आले ती सही. तिला आधी हसूच आलं. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी मान लांब करून विचारलं, “काय गं, प्रेमपत्र?” ती म्हणाली, “सासऱ्यांचं.” “मग जास्तच जपून ठेव. नवऱ्याची काय, रोज येतील.” ताई हसल्या, तीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की चिठ्ठी झाकणाच्या आत आहे. म्हणजे झाकण लावायच्या आधीच त्यांनी ‘झाकण लावले’ असं लिहून टाकलं होतं. काटा हलायचा पूर्ण थांबल्याशिवाय ज्या माणसाने आयुष्यात कधी सही केली नाही, त्याने न झालेल्या गोष्टीचा दाखला दिला होता. कारण नंतर आठवलं नाही तर? घास हातातच राहिला.

घरात चिठ्ठ्या होत्याच, पंधरा दिवसांपासून होत्या. गॅसच्या बटणाखाली ‘बंद’. दाराच्या कडीला दोऱ्याने बांधलेली ‘आतून लावली’. दुधाच्या बाटलीला रबर लावून वेळ. चिमीच्या पाळण्याला कपड्याच्या चिमट्याने लावलेली एक तिने परवा वाचली होती आणि न वाचल्यासारखी पुन्हा तशीच लावून ठेवली होती: ‘झोपली ११.१०. श्वास पाहिला.’ नवरा म्हणाला होता, अगं, वय झालं त्यांचं, विसरतो माणूस, सोमवारी डॉक्टरांना दाखवू, त्यात काय एवढं. त्याला पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळ्या असत, घरी येई तेव्हा निम्मा झोपेतच असे. पण काल संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी स्वतःच विषय काढला. ताट पुढे सारून, हात धुऊन, जागेवर परत येऊन बसले आणि म्हणाले, “महिनाअखेरीला मी ताईकडे जातो. चिमीची दुसरी सोय बघा.” ताई म्हणजे त्यांची मुलगी, तिची नणंद. नवरा म्हणाला, “बाबा, काहीतरीच काय.” “काहीतरी नाही. ज्याला बारा बिया धड मोजता येत नाहीत त्याच्या भरवशावर पोर ठेवायचं नसतं.” आणि तिच्याकडे बघून हसले. “दातवाल्या बाईंची नोकरी मोडेल म्हणून मी इतके दिवस गप्प होतो.” तिच्या मांडीवर चिमी होती, चिमीच्या मुठीत चमचा होता, आणि चमचा ताटावर आपटत होता, आपटत होता. त्या आवाजाचे तिने मनातल्या मनात आभार मानले.

दुपारी काम हातात घेतलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा सुळा होता. या लॅबमध्ये दात करतात, चिनी मातीसारख्या पांढऱ्या भुकटीचे, पाण्यात कालवून ब्रशच्या टोकाने थरावर थर चढवत, आणि मग छोट्या भट्टीत भाजतात. बाकीचे लोक साचे करतात, घासतात, चकाकी देतात. तिचं काम रंगाचं. सोळा दातांची एक पट्टी असते, सोळा पांढऱ्यांची. लोकांना वाटतं दात पांढरा असतो, पण पांढऱ्याच्या पोटात राखाडी असतो, पिवळा असतो, कडेला निळसर काहीतरी असतं, आणि हे सगळं तिला दिसतं. दिसतंच, त्यात तिची काही हुशारी नाही, काहींना सूर कळतो तसं. लॅबचे मालक दंतवैद्यांना फोनवर सांगत, आमच्या बाईंच्या हातून गेलेला दात तोंडात शोधून दाखवा. जो दात शेजाऱ्यांशी जुळत नाही तो बाजूला काढायचा, हे ती दहा वर्षं करत आली होती, दिवसातून वीस-वीस वेळा. खिडकीपाशी जायचं, डोळे बारीक करायचे, हा नाही, हाही नाही, हा. बाजूला काढलेला दात डबीत पडताना टिक् असा आवाज येतो. त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती की बाळंतपणाच्या रजेत, सगळं घर शांत असताना, कधी कधी तो उगाचच ऐकू यायचा. आज सुळ्यावर ती थर चढवायला बसली आणि ब्रश टेकला नाही. कारण दोन महिन्यांपूर्वी, त्या एका दुपारीही ती हेच करत होती. खिडकीपाशी, डोळे बारीक करून. आणि तिच्या हातात दात नव्हते.

गच्चीवरचं रोपांचं काचघर सासऱ्यांनी स्वतः बांधलं होतं. इमारतीच्या सगळ्या खिडक्या बदलल्या तेव्हा जुन्या चौकटी काचांसकट खाली रचून ठेवल्या होत्या. त्यांतल्या चौदा त्यांनी एकेक करून गच्चीवर नेल्या. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि ते मुलाकडे राहायला आले होते ते एक सूटकेस, एक पितळी तराजू आणि वजनांची पेटी घेऊन. चिमी पोटात होती. ती जिना चढून वर जाई, उलट्या बादलीवर बसे आणि ते स्क्रू पिळताना बघत राही. बोलणं फार नसे. “इन्स्पेक्टरसाहेब, ही चौकट वाकडी आहे.” “वाकडी इमारत आहे. चौकट ओळंब्यात आहे.” काचा बसल्यावर आत तीन माणसं उभी राहतील एवढी जागा झाली, आणि दुपारी तिथे असा एक वास कोंडे की तिला कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटे, ओल्या मातीचा, गरम लाकडाचा, पुट्टीचा. पहिल्या वर्षी टोमॅटो झाले. मग या वर्षी त्यांनी मनावर घेतलं काकडीचं. साधी नाही, संकरित. बियांच्या दुकानातून पाकीट आणलं, त्यावरचं चित्र तिला दाखवलं. एका वेलाला इतक्या काकड्या की पान दिसेना. “आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा,” ते म्हणाले होते, “दोघांचं चांगलं ते घेतलंय म्हणे.” तिने मांडीवरच्या चिमीकडे बघून विचारलं होतं, “आणि वाईट ते कुठे जातं?” “ते पुढच्या पिढीत निघतं. म्हणून याचं बी धरायचं नसतं, दर वर्षी नवं आणायचं.” चिमीने तेव्हा जांभई दिली होती. सगळं तोंड उघडून, एकही दात नसलेली.

ती दुपार. चिमी आठ महिन्यांची, नुकतीच रांगायला लागलेली. रांगायला लागलेलं पोर म्हणजे घरात सोडलेला पारा, इथे म्हणता तिथे. सासऱ्यांनी पाकीट फोडून बिया ताटलीत ओतल्या, मोजल्या, वहीत लिहिलं आणि समाधानाने मान हलवली. “बारा,” ते मोठ्याने म्हणाले होते. तिने ऐकलं होतं. मग ताटली खोलीच्या कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर ठेवून ते माती आणायला खाली गेले. ती चिमीजवळ सतरंजीवर आडवी झाली. झोपायचं नव्हतंच. फक्त पाठ टेकायची होती. रात्री चार वेळा उठलेली पाठ. चिमी तिच्या पोटावर हात टेकून उभं राहायला बघत होती, आणि तो छोटा गरम हात पोटावर आहे, आहे, असं वाटत असतानाच मधला काहीतरी भाग कापून टाकल्यासारखा नाहीसा झाला. जाग आली ती शांततेने. आई झालेल्या बाईला आवाजाने नाही, शांततेने जाग येते. चिमी स्टुलाशी. ताटली जमिनीवर. चिमीच्या तोंडात कागद, पाकिटाच्या आतून निघालेला असावा, कारण ओठांतून छापील अक्षरांचा एक तुकडा बाहेर आला होता. बाकी सगळा लगदा. तिने बोट घालून तो काढला, गालांच्या आतून, टाळूला चिकटलेला, जिभेखालचा, चिमी रडली, ती बोट फिरवत राहिली. मग सतरंजी झटकून, गुडघ्यांवर फिरून एकेक बी गोळा केली. बारा. एकही पोटात गेली नव्हती. बाराही तळहातावर घेऊन ती खिडकीपाशी गेली, कुठली चावलेली, ओली आहे का बघायला, आणि तिला दिसलं की दोन बियांचा रंग वेगळा आहे. किंचित. फिकट, हिरवट झाक. तिच्या सासऱ्यांना मोतीबिंदू होता, त्यांना ती दिसली नव्हती, नवऱ्याला दिसली नसती, शंभरातल्या नव्व्याण्णवांना दिसली नसती. तिला दिसली. आणि तिच्या मनाने एकच शब्द उच्चारला: औषध. बियांना औषध चोळतात हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. विषारी असतं. या दोन चिमीच्या तोंडात गेल्या असत्या तर. तिने त्या दोन बाजूला काढल्या, सवयीने, टिक्, टिक्, मोरीत टाकल्या आणि वर बादलीभर पाणी ओतलं. ताटली स्टुलावर ठेवली. चिमीला दूध पाजायला घेतलं तेव्हा सासरे मातीची पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभे होते.

संध्याकाळी कुंडीत बिया टोचताना ते थांबले. पुन्हा मोजल्या. “अगं, बारा होत्या ना?” एवढंच विचारलं. खरं सांगायचं तर सांगण्यासारखं फार नव्हतं. दोन टाकल्या, औषध चोळलेल्या वाटल्या, संपलं. पण त्याच्या मागोमाग ‘केव्हा’ आलं असतं, आणि ‘केव्हा’च्या मागोमाग ‘तू कुठे होतीस’. आणि तिला सांगता आलं नसतं की मी झोपले होते. बाळाजवळ, दिवसाढवळ्या, तोंड उघडं टाकून. ते काही बोलले नसते हेही तिला माहीत होतं. तरीही. “दहाच होत्या, बाबा,” ती म्हणाली. किती सहज म्हणाली. पाणी हवं का म्हणावं तसं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तळहाताकडे, मग खिशातून वही काढून काहीतरी खोडलं आणि लिहिलं. आणि तिला हायसं वाटलं होतं. ती हायसं वाटल्याची आठवण आता, दोन महिन्यांनी, या टेबलाशी, सुळ्याचा कोरडा पडत चाललेला थर समोर असताना, तिला त्या खोटं बोलण्यापेक्षाही वाईट वाटली.

दहाच्या दहा उगवल्या. काय जोमाच्या. दोरीला धरून काचेपर्यंत गेल्या, हिरवीगार, तळव्याएवढी पानं. सासरे रोज सकाळी उष्णतामापक बघत, वहीत लिहीत, चिमीला कडेवर घेऊन एकेका वेलाशी नेत. आणि फुलं आली. प्रत्येक पानाच्या बगलेत पिवळं फूल, आणि प्रत्येक फुलाच्या मागे, फूल उमलायच्या आधीपासूनच, करंगळीच्या पेराएवढी एक काकडी, लव असलेली, काट्यांसकट, अगदी पूर्ण. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला चिमीच्या जन्माआधीचं ते राखाडी चित्र आठवलं होतं, पडद्यावरचं, ज्यात सगळं आधीच होतं, नखंसुद्धा. पण एकही काकडी वाढेना. फूल सुकलं की मागचं बाळ टोकाकडून पिवळं पडे, चार दिवसांत सुरकुते, आणि हात लावला की हातात येई. रोज पाच, सात. सासऱ्यांनी पाणी कमी केलं, जास्त केलं. सावली केली, काढली. जाळी उघडून मधमाश्यांना वाट दिली. मधमाश्या आल्या, फिरल्या, गेल्या. “माझंच काहीतरी चुकतंय,” ते म्हणू लागले. “घालायचं ते घालतोय की नाही, कुणास ठाऊक. बाराचे दहा केलेला माणूस मी.” आधी ते थट्टेने म्हणत. मग थट्टा गळून गेली, वाक्य राहिलं. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या.

तिने ब्रश धुतला. मालकांना म्हणाली, “मी आज तीनला निघते, सुळा उद्या पुरा करते.” “पोर आजारी आहे का?” “नाही. सासऱ्यांचं काम आहे.” पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात, सकाळी गच्चीवरून उचललेली एक पिवळी पडलेली काकडी होती. ती कशासाठी उचलली हे सकाळी तिला माहीत नव्हतं.

बियांचं दुकान एका उतरत्या गल्लीत होतं, बाहेर रोपांचे ट्रे, आत अंधार, आणि मागच्या बाजूला उघडं दार, त्यातून दिसणारा एक हिरवा तुकडा. दुकानवाल्या बाई जाड काचांच्या चष्म्यातून काकडीकडे बघत राहिल्या. “पाकीट कुठलं? ते लाल चित्राचं? मग रंगीत बियांची रोपं कुठेयत?” तिने रुमाल मुठीत धरला. “दोन असतात त्यात. हिरवा रंग लावलेल्या. अहो, या जातीच्या वेलाला सगळी मादी फुलंच येतात, म्हणून तर एवढी काकडी लागते. त्या दोन नराच्या. त्यांच्यावर नर फुलं येतात. ओळखू याव्यात म्हणून रंग लावतात, या खेपेचा फारच फिका होता, पण आत चिठ्ठी असते बघा, ‘रंगीत बिया टाकू नयेत’.” “चिठ्ठी मुलीने खाल्ली,” ती म्हणाली. बाईंनी चष्मा वर केला. “आणि बिया?” “मी टाकल्या. मला वाटलं विष आहे.” “विष,” बाई म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत, त्याबद्दल तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. “मलाही पहिल्या खेपेला एकीने परत आणून दिल्या होत्या. म्हणे, सडक्या निघाल्या. या मागे.” मागच्या तुकड्यात त्यांचे स्वतःचे वेल होते. नर फूल त्यांनी दाखवलं: बारीक देठ, मागे काहीच नाही, नुसतं फूल. उद्या सकाळी उमलतील अशा, टोकाशी पिवळ्या झालेल्या अकरा कळ्या त्यांनी देठासकट खुडल्या. “पाण्यात ठेवा. सकाळी पराग याच्यातून उचलायचा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. बारीक ब्रश आहे का घरात?” आहे, ती म्हणाली. ब्रश तर आहेच.

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली. मांडीवर डबा, डब्यात ओला रुमाल, रुमालात अकरा कळ्या, आणि झाकणाच्या आत अजून ती चिठ्ठी. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा, त्यातून पुढे सरकणारी दुकानं. काय सांगायचं? कळ्या आणल्यात, एवढंच सांगितलं तरी भागेल. दुकानवाली म्हणाली पाकीटच सदोष होतं. पाकिटात दहाच आल्या असतील. काकड्या धरतील, बाबा खूश होतील, नोकरी राहील. सगळं इतकं सोपं होतं की तिला भीती वाटली. कारण मग बाबांच्या हातात काकडी येईल, पण बारा येणार नाहीत. ते सोमवारी डॉक्टरांसमोर बसतील, डॉक्टर विचारतील काय विसरता, आणि ते पहिल्यांदा बियांचंच सांगतील. त्या माणसाच्या विरुद्ध जो एकच पुरावा होता, तो तिने तयार केला होता. ब्रेक लागला. डबा पुढे सरकला, तिने दोन्ही हातांनी धरला, चिमीला धरते तसा.

ते काचघरातच होते. चिमी बादलीत बसवलेली, हातात रिकामी डबी. ते वाळलेली पानं कात्रीने काढत होते आणि प्रत्येक पान काढल्यावर कात्री खिशात ठेवत होते. चिमीमुळे.

“लवकर?” ते म्हणाले.

“बाबा, बिया बाराच होत्या.”

“कुठल्या बिया?”

“ह्या. तुम्ही बारा मोजल्यात ना, त्या बाराच होत्या. दोन मी टाकल्या.”

कात्री खिशात जाता जाता थांबली. “कधी?”

“तुम्ही माती आणायला गेला होतात तेव्हा. माझा डोळा लागला होता. जाग आली तर ताटली खाली, हिच्या तोंडात कागद. त्या दोन बियांचा रंग वेगळा दिसला, मला वाटलं औषध चोळलंय. मोरीत टाकल्या. मग तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं.”

“किती वेळ?”

“काय?”

“डोळा. किती वेळ लागला होता?”

“माहीत नाही. दहा मिनिटं असतील. वीसही असतील.”

“म्हणजे नक्की नाही.”

“नाही.”

त्यांनी मान हलवली, चौकशीत एक मुद्दा पुरा झाल्यासारखी. वही काढली, मागची पानं उलटली, तिच्यापुढे धरली. ‘१२’ असं स्वच्छ लिहिलेलं, त्यावर आडवी रेघ, शेजारी ‘१०’, आणि खोडलेल्या जागी सही. नियमाप्रमाणे. “ही खोडाखोड मी केली,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांनी मोजलेलं मी तुझ्या शब्दावर खोडलं. असं नोकरीत एकदाही केलं नव्हतं. घरचं माणूस म्हणून केलं.” ती काही बोलणार होती. त्यांनी हात वर केला. “चिमीला उचलून घेतलं की मी तिचे पाय मोजतो. पंधरा दिवस झाले. दोन आहेत का बघतो. तुला हसू येईल.”

तिला हसू आलं नाही.

“तू बघत होतीस की गं,” ते म्हणाले, आवाज न चढवता. “मी चिठ्ठ्या लावत होतो, तू वाचत होतीस.” मग चिमीला बादलीतून काढून तिच्या हातात दिलं आणि पाठ वळवली. “खाली जा आता.”

कळ्या तिने वाटीत, पाण्यात ठेवल्या आणि वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत. सासरे खाली आले, जेवले, बोलले नाहीत. रागावलेल्या माणसाचं न बोलणं तिला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. एखादं जड वजन उतरवून ठेवल्यावर काही वेळ हात असल्यासारखाच वाटत नाही, तसं काहीतरी. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मलासुद्धा नाही सांगितलंस.” त्याच्यापाशी तेवढंच होतं, आणि ते खरं होतं.

सकाळी ती चिमीला भरवत असताना जिन्यात त्यांचा आवाज आला. “दातवाल्या बाई. वाटीतल्या उमलल्या. ब्रश घेऊन वर या.”

काचघरात ऊन नुकतं शिरलं होतं. त्यांनी एक नर फूल धरलं, पाकळ्या मागे दुमडल्या, मधला पिवळा गड्डा उघडा केला. तिने लॅबमधून घरी आणून ठेवलेला ब्रश ओठांनी टोक न करता, कोरडाच, त्यावर फिरवला. पराग उचलला गेला की नाही, त्यांना दिसेना. तिला दिसला. ब्रशच्या केसांवर पिवळ्याची धूळ, पिवळ्यापेक्षा अर्धी छटा फिकट. मादी फुलाच्या मधोमध तिने तो टेकवला, सुळ्याच्या टोकाला शेवटचा थर देतात तसा, श्वास धरून. “एक,” ते म्हणाले. पुढच्या फुलाला, “दोन.” प्रत्येक फुलाच्या देठाला ते दोऱ्याचा तुकडा बांधत होते. चिमी बादलीत बसून दोऱ्याचं रीळ उलगडत होती. “सतरा,” ते शेवटी म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले. ती क्षणभर गोंधळली, मग तिला कळलं ते कशाची वाट बघतायत. तिने पहिल्या वेलापासून सुरुवात केली, दोरे मोजले, बोट लावून, सगळे. “सतरा, बाबा.”

त्यांनी लिहिलं. “एक अट आहे,” वही मिटत म्हणाले. “इथून पुढे माझं काही चुकलं की सांगायचं. तोंडावर. मला सांभाळून घ्यायचं नाही. आणि तुझं चुकलं की तेही.” “हो.” “आणि सोमवारी डॉक्टरकडे मी जाणार आहे.” “पण आता कशाला? बिया तर...” “तराजू बरोबर असला तरी वर्षातून एकदा तपासतात,” ते म्हणाले. “त्यात तराजूचा अपमान नसतो.” वन्संना काय कळवू, असं तिने भीतभीत विचारलं. त्यांनी चिमीच्या हातातलं रीळ सोडवून घेतलं, बराच वेळ ते गुंडाळत राहिले. “सांग, काकडी धरतेय का ते बघून ठरवतो.”

पुढचे चार दिवस घरात चिठ्ठ्या तशाच होत्या, फक्त नव्या लागल्या नाहीत. डॉक्टरांचा सोमवार अजून यायचा होता. गॅसखालची ‘बंद’ तेलाने पारदर्शक होत गेली. ती रोज निघताना चपला घालायला जरा जास्त वेळ लावी, आणि ते रोज चिमीचा हात धरून टाटा करायला लावत, पण स्वतः काही म्हणत नसत. पाचव्या दिवशी लॅबमध्ये ती परत आलेला सुळा बघत होती. दंतवैद्याने लिहिलं होतं, रंग जुळतो, पण शेजारच्या दातावर एक बारीक उभी चीर आहे, ती यात नाही, त्यामुळे हा नवा आहे हे ओळखू येतं. तिने तपकिरी भुकटीचा कण ब्रशला घेतला आणि दातावर एक चीर काढली. केसाएवढी, वाकडी, खरी. मग हात धुऊन डबा उघडला. आत चिठ्ठी नव्हती. तिने झाकण उलटसुलट केलं. नव्हती. आणि चमचाही नव्हता.

शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, “घे, माझा घे.” ती झाकणाच्या रिकाम्या पोटाकडे बघत राहिली. विसरले. आज विसरले, खरोखर. आणि मनात आलं ते ओळखीचंच, अगदी सहज, अगदी मऊ: काय सांगायचंय, ताईंचा चमचा आहे, संध्याकाळी डबा आपणच धुऊन टाकू, कळणारही नाही त्यांना. तिने चमचा घेतला नाही. फोन उचलला.

“बाबा, डब्यात चमचा नाही.”

मागे चिमी काहीतरी धातूचं जमिनीवर आपटत होती.

“नाही?”

“नाही.”

“दोनदा बघितलंस?”

“दोनदा.”

“मग राहिला,” ते म्हणाले. मग त्यांचा श्वास ऐकू आला, वहीचं पान उलटल्याचा आवाज, पेनचं टोपण. “लिहितो. चमचा राहिला.” थोड्या वेळाने, “सकाळी डबा भरता भरता वर गेलो होतो, त्यात झालं असेल. असेल म्हणतो, नक्की नाही. ऐकतेस का?”

“ऐकतेय.”

“तिसऱ्या वेलावरची, खालून दुसरी. फूल वाळलं. पिवळी नाही पडली. माझ्या मधल्या बोटाएवढी आहे, पण माझ्या डोळ्यांचं काय सांगावं, संध्याकाळी तू येऊन रंग बघ.”

“बघते.”

“आता हाताने जेव.”

तिने हात धुतले होते, तरी नखाशेजारी त्या तपकिरी भुकटीची बारीक रेघ अजून होती. ती हाताने जेवली.